ओसीटी अँजिओ: काचबिंदूत रक्तवाहिन्यांचा फोटो कशासाठी काढतात?

मुक्ता_ठाणे

नमस्कार मंडळी. आरोग्य विभागात शोधलं, पण या विषयावर धागा सापडला नाही म्हणून नवीन काढते आहे.

वय ४६, दोन्ही डोळ्यांना उणे सात-आठ नंबर, मायग्रेन कॉलेजपासूनचा. आईला काचबिंदू आहे, त्यामुळे चाळिशीनंतर दरवर्षी न चुकता डोळे दाखवते. डोळ्यांचं प्रेशर नेहमी १५-१६ असतं. यंदा ओसीटीच्या (डोळ्याच्या पडद्याचे थर प्रकाशाने मोजणाऱ्या स्कॅनच्या) कागदावर डाव्या डोळ्याला खालच्या बाजूला लाल पट्टा आला. फील्ड टेस्ट, म्हणजे नजरेचा आवाका मोजणारी तपासणी, जवळपास नॉर्मल, वरच्या भागात दोन-तीन ठिपके काळपट. डॉक्टर म्हणाले, "तुमचा नंबर मोठा आहे, त्यामुळे हे लाल खरं असेलच असं नाही. ओसीटी अँजिओ करून बघू."

घरी येऊन सांगितलं तर 'अँजिओ' हा शब्द ऐकूनच सासूबाईंनी देव पाण्यात ठेवले. त्यांची समजूत काढायला मला स्वतःला तरी कळायला हवं ना! तर प्रश्न असे: ही नक्की काय तपासणी आहे? ओसीटी आणि फील्ड झाल्यावर हिची गरज असते का? आणि रक्तवाहिन्या कमी निघाल्या तर रक्तपुरवठा वाढवायचं औषध देतात का?

जोशीबुवा_सातारा

अँजिओचं मला ठाऊक नाही, पण फील्ड टेस्टबद्दल माझ्याइतकं अनुभवी या संस्थळावर कोणी नसावं. अंधाऱ्या खोलीत, एका डोळ्यावर पट्टी, समोर मिणमिणते ठिपके, आणि हातात ते बटण. निम्म्या वेळेला ठिपका दिसला की भास झाला तेच कळत नाही. एकदा तर मी चक्क डुलकी काढली आणि त्या महिन्यात माझा काचबिंदू एकदम बळावला! पुढच्या वेळी पुन्हा सुधारला. ताई, एका फील्डवर जीव टांगू नका.

तिसरा_डोळा

मी नेत्रतज्ज्ञ आहे, जिल्ह्याच्या गावी प्रॅक्टिस करतो, काचबिंदूचे पेशंट जास्त. इथे सल्ला देत नाही, माहिती देतो. निर्णय तुमच्या डॉक्टरांचा.

मुक्ताताई, आधी सासूबाईंना सांगा: सुई नाही, रंग नाही, भरती नाही. हनुवटी टेकवायची, समोरच्या खुणेकडे काही सेकंद न हलता बघायचं, झालं. हृदयाच्या अँजिओशी हिचं नातं नावापुरतं.

डोळ्याच्या रक्तवाहिन्यांची जुनी तपासणी वेगळी आणि ती अजूनही चालू आहे. हाताच्या शिरेत फ्लुओरेसिन नावाचा रंग टोचायचा आणि तो डोळ्याच्या पडद्यापर्यंत (रेटिनापर्यंत) पोचताना भराभर फोटो काढायचे. १९६१ साली इंडियाना विद्यापीठातल्या नोवॉत्नी आणि आल्विस या दोन वैद्यकीय विद्यार्थ्यांनी ती प्रसिद्ध केली. मधुमेहाच्या बऱ्याच पेशंटना ती माहीत असते: दिवसभर लघवी पिवळीजर्द, काहींना मळमळ, क्वचित एखाद्याला गंभीर अ‍ॅलर्जी. काचबिंदूसाठी ती कधी रुळली नाही. त्यात हवा तो थर सुटा करून बघता येत नाही, आणि आम्हाला जे बघायचं असतं ते नेमकं एकाच पातळ थरात असतं.

काचबिंदूत मरतात त्या पडद्यातल्या गँग्लियन पेशी. त्यांचे दहा-बारा लाख तंतू गोळा होऊन डोळ्याची नस (ऑप्टिक नर्व्ह, रक्तवाहिनी नव्हे) बनते. नसेभोवती या तंतूंच्या थरातच, तंतूंना समांतर धावणाऱ्या लांब, बारीक केशवाहिन्यांचं एक खास जाळं असतं. तंतू जिथे झडतात तिथे हे जाळंही विरळ होतं. साधं ओसीटी थराची जाडी मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरच्या हजाराव्या भागात) मोजतं. ओसीटी अँजिओ त्याच थरातलं जाळं वेगळं काढून ते किती जागा व्यापतं हे टक्क्यांत सांगतं. यंत्र बहुतेक वेळा तेच असतं, सॉफ्टवेअर वाढीव.

आता तुमच्या डॉक्टरांनी का सांगितलं असावं? मोठ्या मायनस नंबरचा डोळा लांबट असतो. त्यात तंतूंचे जाड पट्टे कानशिलाच्या बाजूला सरकलेले असतात. यंत्र तुलना करतं ती त्यात भरलेल्या निरोगी लोकांच्या आकड्यांशी, आणि त्या लोकांत तुमच्यासारखे मोठ्या नंबरवाले सहसा घेतलेलेच नसतात. मग जिथे जाड थर अपेक्षित तिथे पातळ सापडतो आणि कागद लाल होतो. आम्ही आपसात याला 'रेड डिसीज' म्हणतो. रोग कागदाला, डोळ्याला नाही.

अशा वेळी जाळ्याचा नकाशा मदत करतो, पण तोही बेताने वापरावा लागतो. लांबट डोळ्यात घनतेचा आकडासुद्धा थोडा खाली येतो. म्हणून मी टक्क्यांकडे कमी आणि आकाराकडे जास्त बघतो. नसेच्या कडेपासून निघून बाहेर रुंदावत गेलेली पाचरीच्या आकाराची काळी जागा असेल, आणि ती ओसीटीच्या लाल पट्ट्याशी व फील्डच्या काळ्या ठिपक्यांशी जुळत असेल, तर प्रकरण खरं. (पडद्याचा खालचा भाग वरची नजर सांभाळतो. तुमचा पट्टा खाली आणि ठिपके वर, हे डोक्यात ठेवण्यासारखं आहे.) नुसतंच सगळीकडे थोडं-थोडं विरळ असेल तर मी घाई करत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लांब आहे. ओपीडी संपल्यावर.

गणिती_माकड

मी पोर्टलंडला असतो आणि इमेज प्रोसेसिंगमध्ये काम करतो (डोळ्यांच्या नाही, कारखान्यातल्या). या तंत्राचा मोठा हिस्सा आमच्याच गावचा आहे म्हणून चोंबडेपणा करतो. इथल्या ओरेगन हेल्थ अँड सायन्स युनिव्हर्सिटीत याली जिया, डेव्हिड ह्वांग आणि मंडळींनी २०१२ मध्ये एक पद्धत मांडली, जिच्यामुळे ओसीटीच्या साध्या स्कॅनमधून केशवाहिन्या स्वच्छ काढता येऊ लागल्या. हेच ह्वांग १९९१ च्या ओसीटीच्या पहिल्या गाजलेल्या पेपरचेही पहिले लेखक. तेव्हा ते एमआयटीत विद्यार्थी होते. एका माणसाने एकाच आयुष्यात दोन वेळा डोळ्यांचे दवाखाने बदलले, हे मला फार भारी वाटतं.

तत्त्व सोपं आहे. गच्चीवरून रस्त्याचे लागोपाठ दोन फोटो काढा. उभ्या केलेल्या गाड्या दोन्हींत तिथल्या तिथे. जिथे फरक पडला तिथे काहीतरी चाललंय. यंत्र पडद्याच्या एकाच रेषेवरून काही मिलिसेकंदांच्या अंतराने पुन्हा पुन्हा प्रकाश फिरवतं. पडदा स्थिर, रक्तातल्या तांबड्या पेशी चालत्या. जिथे परत आलेला सिग्नल बदलला तो ठिपका पांढरा, बाकी काळं. बाहेरचा रंग लागत नाही, कारण चालणारं रक्तच रंगाचं काम करतं.

पण यातली मेख अशी की फरक 'दिसण्या'साठी किमान वेग लागतो. रक्त त्याहून हळू चालत असेल तर वाहिनी जागच्या जागी असूनही नकाशात ती जागा काळी. उलट वेग एका मर्यादेपलीकडे गेला की दुप्पट वेगालाही तितकाच पांढरा ठिपका. म्हणजे हे यंत्र वाहतूक आहे की नाही ते सांगतं, किती आहे ते नाही. कागदावरचा आकडा बघून "रक्तपुरवठा अमुक टक्के घटला" असं कोणी म्हणालं तर तो अर्थ त्यात नाही.

शंकासुर

वाचतोय. डॉक्टरसाहेब, राग मानू नका, पण सामान्य माणसाच्या नजरेने सांगतो. आधी फक्त प्रेशर मोजायचे. मग फील्ड आली. मग ओसीटी. आता अँजिओ. दर दहा वर्षांनी एक यंत्र आणि दर यंत्रामागे एक बिल. उपचार मात्र शेवटी तेच थेंब. रक्तवाहिन्या कमी दिसल्या काय नि जास्त दिसल्या काय, तुम्ही देणार प्रेशर कमी करायचंच औषध ना? मग हा फोटो पेशंटसाठी की यंत्राच्या हप्त्यांसाठी?

जोशीबुवा_सातारा

शंकासुर, +१. पण जरा सौम्य शब्दांत. :)

तिसरा_डोळा

राग कसला, रास्त शंका आहे. हप्ते मीही भरतो.

आधी तुमचं बरोबर काय ते. काचबिंदूत आज ज्याचा उपयोग ठामपणे सिद्ध झालाय असा एकच उपाय आहे: डोळ्याचं प्रेशर उतरवणं, थेंबांनी, लेसरने किंवा शस्त्रक्रियेने. प्रेशर मुळात 'नॉर्मल' असलेल्यांनाही हेच लागू. आणि असे लोक थोडेथोडके नाहीत. जपानमध्ये ताजिमी शहरात मोठी पाहणी झाली, तिथे उघड्या कोनाचा (डोळ्यातलं पाणी निचरण्याचा कोन उघडा असूनही होणारा) काचबिंदू सापडलेल्या दर शंभरातल्या ९२ जणांचं प्रेशर २१ किंवा त्याखाली, म्हणजे 'नॉर्मल' होतं. नुसतं प्रेशर मोजून "नॉर्मल आहे, जा घरी" म्हणणं किती धोक्याचं, ते यावरून बघा.

नॉर्मल प्रेशरवाल्यांवर अमेरिकेत एक मोठा बहुकेंद्री अभ्यास झाला. निष्कर्ष १९९८ मध्ये आले. प्रेशर ३०% उतरवलेल्या डोळ्यांपैकी १२% बिघडले. उपचार न दिलेल्यांपैकी ३५%.

आता फोटो कशासाठी, ते सांगतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने २०२१ मध्ये तोवरच्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्याचा सूर असा की काचबिंदू ओळखण्यात ओसीटी अँजिओ साधारणपणे ओसीटीच्या तोडीचं आहे, सरसकट वरचढ नाही. म्हणून ज्याची ओसीटी आणि फील्ड एकाच सुरात स्पष्ट बोलतात, त्याला मी अँजिओ सांगत नाही. माझ्या दहातल्या सात-आठ पेशंटना त्याची गरज नसते. जिथे दोन तपासण्या वेगवेगळं सांगतात, नंबर मोठा आहे, प्रेशर नॉर्मल आहे, किंवा रोग फार पुढे गेलाय, तिथे तिसरा साक्षीदार कामाला येतो.

शंकासुर

थांबा थांबा. उपचार न दिलेल्यांपैकी ३५% बिघडले म्हणजे ६५% लोकांचं काहीच न करता काही बिघडलं नाही? मग सगळ्यांना जन्मभर थेंब कशाला?

तिसरा_डोळा

बरोबर नस पकडलीत (डोळ्याची नव्हे). हाच तर काचबिंदूच्या डॉक्टरचा रोजचा पेच आहे. समोर बसलेला माणूस ६५ मधला की ३५ मधला?

त्याच अभ्यासातून पुढे आलं की बायका, मायग्रेन असलेले, आणि नसेच्या कडेवर बारीक रक्तस्राव झालेले डोळे, हे लवकर बिघडतात. हे तिन्ही धागे रक्ताभिसरणाकडे बोट दाखवतात, निदान तसा संशय येतो. मुक्ताताई, तुमच्याकडे यातल्या दोन गोष्टी आहेत, म्हणून सांगतोय, घाबरवायला नाही.

ओसीटी अँजिओचं खरं काम मला इथे दिसतं. सुरुवातीलाच ज्या डोळ्यांत जाळं विरळ असतं त्यांचे तंतू पुढच्या वर्षांत जास्त वेगाने झडतात, असं एकाहून अधिक अभ्यासांत दिसलंय. शिवाय नसेच्या कडेला, पडद्याच्याही खालच्या रक्तवाहिन्यांच्या थरात (कोरॉइड म्हणतात त्याला) कधीकधी एक पूर्ण रिकामा तुकडा दिसतो. या भागाला जिथून रक्त येतं, तिथूनच नसेच्या आतल्या भागालाही येतं. असा रिकामा तुकडा असलेले डोळे जपावे लागतात. तसा दिसला तर मी प्रेशरचं लक्ष्य आणखी खाली ठेवतो आणि पेशंटला वर्षाऐवजी चार महिन्यांनी बोलावतो. औषध तेच, पण किती जोर लावायचा ते बदलतं.

जोशीबुवा_सातारा

डॉक्टर, 'रोग फार पुढे गेलाय' म्हणालात तो मीच. उजव्या डोळ्याची ओसीटी गेली काही वर्षं जिथल्या तिथे आहे, ५२-५३. आमचे डॉक्टर म्हणतात स्थिर आहे. मला मात्र वाचताना ओळ सापडत नाही पूर्वीसारखी. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, तसं माझंच आहे की काय?

तिसरा_डोळा

बुवा, तुमच्या मनाचा दोष नाही, मोजपट्टीचा आहे. निरोगी माणसात तो थर सरासरी ९०-१०० मायक्रॉन असतो. काचबिंदूत उतरत उतरत तो ५०-५५ ला येऊन थबकतो, कारण तंतू गेले तरी आधारपेशी आणि मोठ्या रक्तवाहिन्या मागे उरतात आणि यंत्र त्यांचीच जाडी मोजत बसतं. तळाला टेकल्यावर आकडा स्थिर राहणारच. त्यावरून रोग थांबला असं म्हणता येत नाही.

रक्तवाहिन्यांच्या घनतेचा तळ यापेक्षा बराच खाली आहे, म्हणून पुढे गेलेल्या काचबिंदूत ती तपासणी आणखी काही काळ बोलत राहते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे फक्त मध्यभागाची फील्ड, जिला १०-२ म्हणतात, ती झाली आहे का विचारा. नेहमीच्या २४-२ मध्ये ठिपके सहा-सहा अंशांवर असतात, मधोमध चारच पडतात. १०-२ मध्ये दोन-दोन अंशांवर. ओळ हरवण्याची तक्रार तिथे सापडण्याची शक्यता जास्त. मोतीबिंदू आणि चष्मा हेही एकदा तपासून घ्या. सगळं काचबिंदूच्या खात्यावर टाकू नये.

वैशाली_नागपूर

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. यंत्राच्या या बाजूला बसून रोज हेच स्कॅन काढते, त्यामुळे कागदावर न दिसणाऱ्या गोष्टी सांगते.

डोळा कोरडा असेल तर चित्र धूसर येतं आणि घनता आपोआप कमी मोजली जाते. मोतीबिंदू असेल तरीही तसंच. म्हणून रिपोर्टवर स्कॅनच्या दर्जाचा आकडा छापलेला असतो, तो आधी बघायचा. दर्जा कमी असेल तर पुढचे रंगीत नकाशे बघण्यात अर्थ नाही, स्कॅन पुन्हा काढून मागा. आम्ही ओलावा देणारे थेंब घालून, दोन मिनिटं डोळे मिटायला सांगून परत काढतो, आणि कित्येकदा 'रोग' तिथेच निम्मा होतो.

डोळ्यासमोर तरंगणारे ठिपके असतात ना, काहींना मोठे असतात. त्यांची सावली नेमकी नसेजवळ पडली तर रिकाम्या जागेसारखीच दिसते. पापणी लवली की आडवी काळी पट्टी. नजर हलली की रक्तवाहिनी मध्येच तुटलेली किंवा दुहेरी. काही लोक श्वास रोखून बसतात, त्याने मान जास्त हलते. सहज श्वास घ्या, स्कॅनच्या आधी पापण्या लववून घ्या, मग थांबा.

आणि कळकळीची विनंती: दरवेळी त्याच कंपनीच्या यंत्रावर करा. प्रत्येक कंपनीचं गणित वेगळं. एक मोठ्या वाहिन्या धरून टक्केवारी काढते, दुसरी वगळून. एकीकडचे ४८ आणि दुसरीकडचे ४१ यांची वजाबाकी करून "सात टक्के घटलं" म्हणणारे पेशंट मला दर आठवड्याला भेटतात. डॉक्टरही भेटलेत. ;)

मधुमेह, रक्तदाब असेल तर तेही सांगून ठेवा. दोन्हींत केशवाहिन्या काचबिंदूशिवायही कमी होतात.

गणिती_माकड

वैशालीताई, बहुमोल प्रतिसाद. सॉफ्टवेअर बदललं तरी तोच घोळ होतो का?

वैशाली_नागपूर

होतो. चांगल्या यंत्रात जुने स्कॅन नव्या गणिताने पुन्हा मोजता येतात, फक्त ते कोणीतरी आठवणीने करायला हवं.

शंकासुर

ठीक, हत्यारं ठेवली खाली. शेवटची एकच शंका. वाहिन्या सुकल्या म्हणून नस मरते, की नस मेली म्हणून वाहिन्या सुकतात?

तिसरा_डोळा

हा वाद १८५८ पासून चालू आहे. त्या वर्षी जर्मन शरीरशास्त्रज्ञ म्युलर यांनी म्हटलं की दाबाने नस चेपली जाते. आणि त्याच सुमारास व्हिएन्नाचे येगर म्हणाले की मूळ बिघाड रक्तवाहिन्यांत आहे.

ओसीटी अँजिओ आल्यावर वाटलं होतं की आता निकाल लागेल. लागला नाही. पेशी मेल्या की तिथली प्राणवायूची मागणी घटते आणि केशवाहिन्या आटतात, हे समजण्यासारखं आहे. पण ज्यांच्या एकाच डोळ्यात काचबिंदू आहे अशांच्या दुसऱ्या, फील्ड अगदी स्वच्छ असलेल्या डोळ्यातही जाळं विरळ सापडलंय, म्हणजे ते नुसतं नंतरचं लक्षण आहे असंही म्हणता येत नाही. माझं वैयक्तिक मत: सगळे काचबिंदू एका आईचे नाहीत. काहींत दाब पुढे, काहींत रक्त. फोटोवरून ते वेगळे करण्याइतके आपण अजून हुशार झालेलो नाही.

यातच ताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. डोळ्याच्या नसेचा रक्तपुरवठा वाढवून काचबिंदू थांबवणारं, ठामपणे सिद्ध झालेलं औषध आज नाही. जिंकगो या झाडाच्या अर्काच्या गोळ्या, 'नसेच्या ताकदीच्या' कॅप्सुली भरपूर लिहिल्या जातात. निकोटिनामाइडवर, म्हणजे बी-३ जीवनसत्त्वाच्या एका रूपावर, गंभीर संशोधन चालू आहे, पण त्यात वापरलेली मात्रा मोठी असते आणि यकृतावर लक्ष ठेवावं लागतं. दुकानातून आणून स्वतः सुरू करू नये.

रक्ताच्या बाजूने करता येण्यासारखी एक गोष्ट मात्र आहे आणि ती बहुतेक जण विसरतात: रात्रीचा रक्तदाब. झोपेत तो उतरतोच. पण ज्यांचा फारच उतरतो त्यांच्या नसेला पहाटे रक्त कमी पडतं असा संशय आहे, आणि रक्तदाबाची गोळी झोपताना घेतली तर त्यात भर पडू शकते. नॉर्मल प्रेशरचा काचबिंदू असूनही डोळा बिघडत असेल तर मी २४ तासांचा रक्तदाब मोजायला सांगतो आणि गोळीच्या वेळेबद्दल फिजिशियनशी बोलतो. पुन्हा सांगतो, मी बोलतो. हे वाचून कोणीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका किंवा वेळ बदलू नका. जोरात घोरणाऱ्यांनी झोपेत श्वास अडकतो का तेही तपासून घ्यावं.

योगी_अवधूत

धागा उशिरा पाहिला. रोज शीर्षासन करा, डोक्याकडे रक्त जातं, डोळ्यांच्या सगळ्या नसा मोकळ्या होतात. माझा चष्मा त्यानेच कमी झाला.

तिसरा_डोळा

अवधूतजी, योगाचा मला आदर आहे, पण हे काचबिंदूवाल्यांनी कृपा करून करू नये. चेन्नईत शीर्षासन करणाऱ्यांचं डोळ्याचं प्रेशर प्रत्यक्ष मोजलं गेलंय, २००६ मध्ये प्रसिद्ध झालं: आसनात असताना ते सुमारे दुप्पट होतं. निरोगी माणसाचं खाली आल्यावर उतरतं. ज्याची नस आधीच कमकुवत आहे त्याने ही परीक्षा रोज कशाला द्यायची? डोकं हृदयाच्या खूप खाली जाईल अशी आसनं टाळा. चालणं, बसून करायचा प्राणायाम खुशाल करा.

योगी_अवधूत

दुप्पट हे माहीत नव्हतं. आमच्या वर्गात दोन-तीन काचबिंदूवाले आहेत, त्यांना सांगतो.

मुक्ता_ठाणे

सगळ्यांचे खूप आभार. तपासणी झाली. सासूबाई सोबत आल्या होत्या आणि "एवढंच?" म्हणून जवळजवळ निराश झाल्या.

वैशालीताईंचं ऐकून आधी दर्जाचा आकडा विचारला. तंत्रज्ञ मुलगी चपापली, पण डाव्या डोळ्याचा स्कॅन तिने लगेच पुन्हा काढला. निकाल: उजव्या डोळ्यात जाळं सगळीकडे थोडं विरळ, ते नंबरामुळे असावं म्हणाले. डाव्यात खालच्या बाजूला पाचरीसारखी काळी जागा स्पष्ट, ओसीटीच्या लाल पट्ट्याशी बरोबर जुळणारी. १०-२ फील्ड केली, त्यात केंद्राच्या थोडं वर चार ठिपके एकमेकांना लागून काळे. कोरॉइडमधला रिकामा तुकडा नाही.

डॉक्टर म्हणाले, सुरुवातीचा आहे, पण खरा आहे, आणि मध्याच्या जवळ आहे म्हणून थांबायचं नाही. रात्री एक थेंब लॅटॅनोप्रॉस्ट सुरू केलाय. लक्ष्य ११-१२. लेसरचा पर्यायही सांगितला, मी विचार करते आहे. थेंबाने पापण्यांचे केस लांब होतात म्हणे, हा एक फायदा पदरात पाडून घेते.

दोन शंका. थेंब घालायची योग्य पद्धत काय? आणि माझा भाऊ ४१ चा आहे, चष्मासुद्धा नाही. त्यालाही ओसीटी अँजिओच करायला सांगू का?

वैशाली_नागपूर

थेंब एकच पुरतो, दोन घातले तर दुसरा गालावर. घातल्यावर डोळे अलगद मिटून नाकाजवळच्या कोपऱ्यावर बोटाने दोन मिनिटं दाब द्या, म्हणजे औषध घशात उतरत नाही. दुसरं औषध असेल तर मध्ये पाच मिनिटं जाऊ द्या. बाटलीचं टोक पापणीला लावू नका. न उघडलेली बाटली फ्रीजमध्ये, उघडल्याची तारीख तिच्यावर लिहा आणि महिन्याभराने टाकून द्या, तळाला औषध उरलं असलं तरी.

तिसरा_डोळा

भावाला जरूर पाठवा, पण अँजिओने सुरुवात नको. आई आणि बहीण दोघींना आहे म्हटल्यावर त्याचा धोका इतरांपेक्षा कित्येक पटींनी जास्त, आणि चष्मा नसणं हे काही संरक्षण नाही. त्याचं प्रेशर, कॉर्नियाची (डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पटलाची) जाडी, गोनिओस्कोपी करून कोन उघडा आहे का ते, आणि बाहुली मोठी करून नसेची नीट पाहणी, एवढं आधी. मग एक ओसीटी पाया म्हणून. कॉर्नियाची जाडी विसरू नका. ती पातळ असेल तर प्रेशर असतं त्यापेक्षा कमी मोजलं जातं. त्याला दमा असेल तर तेही डॉक्टरला आधीच सांगू दे, काचबिंदूच्या काही थेंबांनी दमा उसळतो. बाहुली मोठी केल्यावर चार-पाच तास धूसर दिसतं, तर स्वतः गाडी चालवत जाऊ नये.

जोशीबुवा_सातारा

१०-२ करायला सांगितली होतीत ना, बुधवारची वेळ मिळाली आहे. सकाळची मागून घेतली, दुपारी जेवणानंतरची नको म्हटलं.

वैशाली_नागपूर

उत्तम केलंत काका. जवळचा चष्मा बरोबर न्या, जुने सगळे फील्डचे कागद न्या, आणि दमलात तर बटण दाबून धरा, बहुतेक यंत्रं तिथेच थांबतात.